शेंडा धरणारं माणूस

७ फेब्रुवारी

शेंडूबाई,

तुझं पत्र पोचलं. पानं चार, त्यातली तीन आकड्यांनी भरलेली. लांबी किती, वजन किती, बुंध्याची जाडी किती, शेंड्याची किती. वाचून दाखवता दाखवता बाईंच्या घशाला कोरड पडली, मध्ये उठून पाणी द्यावं लागलं. आणि शेवटच्या पानावर खाली कोपऱ्यात, जागा उरली म्हणून लिहावं तसं, 'बाबांचा हात कसा आहे?' अगं, ते आधी विचारायचं असतं. काठीचं नंतर.

बाई कोण ते सांगते. तुझ्या बापाच्या उजव्या हाताचे व्यायाम घ्यायला त्या येतात. व्यायाम झाला की तो घामाघूम होऊन आतल्या खोलीत आडवा होतो आणि बाई स्वयंपाकघरात माझ्यासमोर चहाला बसतात. तेवढ्या वेळात हे पत्र. मी बोलते, त्या लिहितात. माझं बोलणं सुधारायचं नाही असं ठरलंय. मध्ये मध्ये विचारतात, "आजी, हेसुद्धा लिहू?" सगळं लिहा, बाई. पूर्वी माझी पत्रं तूच लिहायचीस. आता तुलाच लिहायचं म्हटल्यावर दुसरं माणूस शोधणं आलं.

तर तुला तुझ्या बापासाठी गळाची काठी बांधायची आहे, आणि तिच्यासाठी कोरी काठी कुठली घ्यावी हा तुझा प्रश्न. तू काम करतेस त्या दुकानात तीन बाजूला काढून ठेवल्यास म्हणे, एक बांबूची, एक फायबरची, एक कार्बनची. अजून दोरी ओवायच्या कड्या नाहीत, मूठ नाही, नुसत्या नागड्या काठ्या. (बाई थांबल्या. लिहा हो, नागड्याच असतात.)

आणि विचारतेस कुणाला, तर मला. जिच्या गळाला जन्मात एक मासा लागला नाही. खरं तर विचारायचं त्यालाच. घरातलं काठ्यांचं दुकान त्याचं होतं, हात त्याचा, तुला शिकवलं त्याने. पण तुम्ही दोघं दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाही, आणि मधल्यामध्ये कानांना काम माझ्या.

हात कसा आहे तर असा. तो अर्धांगाचा झटका आला तेव्हा होता त्यापेक्षा बरा, पूर्वी होता त्याच्या जवळपासही नाही. डॉक्टर म्हणतात वापरला तर राहील, नाही वापरला तर उरलासुरलाही जाईल. आणि हा वापरत नाही. बाईंच्या धाकाने चेंडू दाबतो, बाईंची पाठ वळली की ठेवून देतो. तळ्याकडची खिडकी बंद करून घेतलीय. वारा लागतो म्हणतो. तळ्यावर जन्म काढलेल्या माणसाला आता वारा लागतो. गळ टाकणं आपलं संपलं असं त्याच्या मनाने घेतलंय, आणि गळाशिवाय दुसऱ्या कशासाठी तो हात हलवेल असं मला तरी वाटत नाही. तेव्हा तुझी काठी ही गंमत नाही हे मला कळतंय. म्हणूनच आकडे राहू देत बाजूला. काठी कुठली हे कधीच आधी ठरत नाही. हात कुठला ते आधी ठरतं.

तू लहान असताना तुला वाटायचं आजी गिऱ्हाइकांची सरबराई करते. सरबराई कसली. नवं गिऱ्हाईक आलं की तुझे आजोबा आत तोंड करून म्हणायचे, "चहा आण गं." मी ती मोठी पितळी किटली काठोकाठ भरून आणायचे आणि टेबलावर ठेवून म्हणायचे, "घ्या ओतून, माझे हात ओले आहेत." माणूस किटली उचलायचा आणि आम्ही दोघं बघायचो. कोणी मनगटातून उचलायचा, कोणी कोपरातून, कोणी पार खांद्यापासून, जसं काही विहिरीतून पोहरा काढतोय. कप भरला तरी कोणाचा हात थांबायचा नाही. तो चहा पीत असेपर्यंत आजोबा आत येऊन हळूच विचारायचे, "काय गं?" मी म्हणायचे, "खांदा. आणि घाई." ते बाहेर जाऊन माळ्यावरच्या ढिगातून नेमकी तशी कोरी काठी ओढायचे. एकदा एका गृहस्थाने किटली दोन्ही हातांनी पोटाशी धरली. त्याला आम्ही काठी दिलीच नाही. जाळं घ्या म्हटलं.

बाई विचारतायत, गिऱ्हाइकाला कळायचं नाही का. चहा चांगला असला की माणसाला काही कळत नाही, बाई.

ती किटली अजून आहे. बघते काय करता येतं ते. तोवर तिन्ही काठ्या भिंतीला टेकवून ठेवू नकोस, आडव्या ठेव. हे मला आजोबांनी इतक्या वेळा ऐकवलंय की मेल्यावरही आठवेल.

आजी

(मला सही येत नाही हे तुला माहीत आहे. खाली जो डाग आहे तो चहाचा. तीच सही समज.)


१९ फेब्रुवारी

शेंडू,

किटली भरली. बाईंना आधीच बजावून ठेवलं होतं, काही झालं तरी मध्ये हात घालायचा नाही. तुझा बाप टेबलाशी येऊन बसला. डावा हात पुढे यायच्या आत मी त्याच्यात लोकरीची लडी अडकवली. "जरा धर, गुंता होतोय."

"आणि चहा?"

"घे ना ओतून. माझे हात ओले आहेत."

त्याने माझ्याकडे बघितलं. याच घरात वाढलेला तो, याच टेबलाखाली रांगलेला. लोकर गुंडाळणारीचे हात ओले कसे, हे विचारायची त्याला गरज नव्हती. किटलीकडे बघत म्हणाला, "बघ काय बघायचं ते." आणि उजव्या हाताने उचलली.

अर्धा चहा कपात गेला, अर्धा टेबलावर. बाई खुर्चीवरून उठल्या, मी डोळे वटारले, बसल्या.

"झालं? काय दिसलं?"

"टेबल पुसायला हवं, एवढं दिसलं."

तुला खरं सांगते. पकड आहे, बोटं सोडून देत नाहीत. मनगट मात्र उठत नाही, त्याचं काम कोपर करतं. आणि वजन वर आलं की अगदी शेवटी एक थरथर येते, बारीकशी, पण येते. हे सांगताना बाई मान डोलावतायत. त्यांच्या शाळेत हे वेगळ्या शब्दांत शिकवतात म्हणे.

तर कार्बनची नको. हलकी आहे हे खरं, पण ती वाकते नुसती शेंड्याला, बाकी अंग ताठ. हातातली थरथर जशीच्या तशी शेंड्यावर नाचेल आणि मासा यायच्या आधीच हा दिवसभर 'आला, आला' करत बसेल. बांबूची दिसायला राणी, आजोबांचा सगळा जीव तिच्यात. पण ती जड. मनगट नसलेल्या हातात शेंडा पाण्याकडे झुकत जाईल. फायबरची घे. त्यातही मधोमधून वाकणारी, संथ. घाईने झटका बसला, हात चुकला, तरी पोटात घालते ती. बुंध्याकडून लांब असलेली बघ, म्हणजे मूठ कोपरापर्यंत नेता येईल आणि जे मनगटाला जमत नाही ते कोपर टेकवून होईल.

हे सांगणं सोपं. आता अडचण ऐक. ही काठी आम्ही कोणाला द्यायचो ते तू विसरली नसशील. पोराटोरांना. तुझी पहिली तीच होती. तुझा बाप ती हातात घेताक्षणी ओळखणार, आणि ओळखली की दाराआड टाकणार.

तुझे आजोबा थकले तेव्हाही हेच झालं होतं. त्यांचे हात कापायला लागले. तुझ्या बापाने गुपचूप एक मऊ कोरी काठी घेतली, तिला त्यांच्या जुन्या काठीसारखा गडद रंग दिला, तसाच लाल दोरा गुंडाळला, जुनी मूठ काढून तिला बसवली आणि 'दुरुस्त करून आणली' म्हणून त्यांच्या हातात दिली. आजोबांनी ती खांद्यावर टाकली. तळ्यावर जाऊन बसले. संध्याकाळी घरी आले ते हसतच. मला म्हणाले, "पोरगं कारागीर झालं. काठी म्हाताऱ्याची आणि रंग तरण्याचा." मी म्हटलं, मग त्याला सांगितलं का नाहीत? म्हणाले, "इतक्या मेहनतीने फसवलंय, फसायला नको?"

तसं फसणं सगळ्यांना जमत नाही. तुझ्या बापाला जमेल असं मला वाटत नाही. तो आजोबांचा मुलगा आहे, पण डोकं माझं घेतलंय.

आजी (डाग जरा मोठा पडलाय)


६ मार्च

शेंडू,

फायबरची घेतलीस, छान केलंस. पण पुढचं वाचून मी बाईंना म्हटलं, परत वाचा. तिला गडद रंग देणार, कड्या बांधणार, बुचाची मूठ बसवणार आणि तयार करून पाठवणार? म्हणजे मागच्या पत्रात मी भिंतीशी बोलत होते.

बांधू नकोस. कोरीच पाठव.

तयार काठी आली की ती भेटवस्तू. भेटवस्तूचं काय करतात? बघतात, छान आहे म्हणतात आणि ठेवून देतात. नागडी काठी घरात नुसती उभी राहिली तरी तुझ्या बापाला झोप लागणार नाही. तुला आठवतं, कोणाच्या सदऱ्याचं बटण लोंबताना दिसलं तरी त्याचे हात शिवशिवायचे. तेच शिवशिवणं मला पुन्हा बघायचंय.

आता भिंतीवरून आठवलं ते सांगते. बाई, हे जरा सावकाश लिहा.

त्या दिवशी तू आलीस आणि पुढची खोली रिकामी होती. कामाचा बाक नाही, दोऱ्याची रिळं नाहीत, माळ्यावर एक काठी नाही. व्यापारी सगळं भरून घेऊन गेलेला. तू म्हणालीस, "हात गेला, आता डोकंही गेलं का?" तो म्हणाला, "इथे आता तुझं काही काम नाही." मी दोघांच्या मध्ये दारात उभी होते, हातात तुझ्यासाठी काढलेली चादर. तू पिशवी उचललीस ती परत खाली ठेवलीच नाहीस.

तू काय बोललीस ते मी उगाळत बसत नाही, ते तुझं तुला ठाऊक. तो काय बोलला तेवढंच बघू. तू रविवारी येणार असं कळलं होतं. त्याने व्यापाऱ्याला शनिवारी गाडी घेऊन बोलावलं. भावही केला नाही, व्यापारीच बिचारा गोंधळला. मी विचारलं, एवढी कसली आग लागली आहे? तर म्हणाला, "बाक दिसला की ती बसेल." एवढंच. तू तिकडच्या दुकानात नुकती कुठे रुळली होतीस, स्वतःची खोली घेतली होतीस. या बाकावर एकदा बसलेलं माणूस उठत नाही, हे त्याला कळायला लांब जायला नको होतं. आरसा पुरे. मी हे तुला तेव्हाच का कळवलं नाही असं विचारशील. त्याने मला शपथ घातली होती. शपथ बोलायची नाही अशी घातली होती, लिहायची नाही अशी नव्हती, हे माझ्या आत्ता लक्षात आलं.

आणि भिंत. व्यापाऱ्याला भिंत नेता आली नाही. तीच ती, जिच्यात बुंधा खोचायची खोबण आहे. कोरी काठी खोबणीत आडवी बसवायची, शेंड्याला खिळ्यांचा डबा टांगायचा, काठी वाकली की तिच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. तुझा बाप पेन्सिल धरायचा आणि तू स्टुलावर उभी राहून शेंड्याला डबा लावायचीस, मग हळूहळू हात काढून घ्यायचीस. एकदम सोडलास तर काठी फटकारते, हे तुला कपाळावरच्या खुणेने शिकवलं. किती कमानी आहेत त्या भिंतीवर. ही डाकवाल्याची, ही त्या जाड्या न्हाव्याची, ही आजोबांची शेवटची. नवं गिऱ्हाईक आलं की त्याची काठी जुन्या कमानींशी ताडून बघायची. लोक आपल्या घरात पोरांची उंची भिंतीवर मांडतात. आपल्याकडे तुझी उंची कुठेच नाही, तुझ्या काठीची कमान आहे. खालच्या अंगाला, दाराजवळ.

सामान गेल्यावर तुझ्या बापाने घर रंगवायला काढलं. रंगारी आला, तीन भिंती झाल्या. चौथीपाशी डबा घेऊन पोचला, तर हा खुर्चीतून म्हणाला, "ती राहू दे." रंगारी म्हणाला, साहेब, खोली लंगडी दिसेल. हा म्हणाला, "मालकही तसाच आहे."

झालं माझं सांगून. बाई डोळे पुसतायत, मी त्यांना म्हटलं कांद्याची टोपली बाजूला सरकवा.

काठी पाठव. जाड पुठ्ठ्याच्या नळीत घाल, दोन्ही तोंडांना कापड कोंब. नाव माझं टाक.

आजी


२८ मार्च

शेंडू,

नळी आली. तुझ्या बापाने विचारलं काय आहे. मी म्हटलं, पडद्याची काठी. म्हणाला, आपल्या घरात पडदे कुठे आहेत? मी म्हटलं, म्हणूनच मागवली. त्याने नळी उचलून बघितली, वजन घेतलं, परत ठेवली आणि पेपर वाचायला लागला. पेपर उलटा नव्हता, पण पान बराच वेळ बदललं नाही.

काही दिवस नळी दाराआड उभी. मी बोलले नाही, बाई बोलल्या नाहीत. बाईंना हे फार जड गेलं, त्यांना मध्ये दोनदा खोकला झाला. मग एका सकाळी बाई आल्या तर हा आतल्या खोलीत नाही. पुढच्या खोलीत, भिंतीपाशी उभा. नळी फोडलेली, कापडाचे बोळे जमिनीवर, काठी डाव्या हातात.

"फायबरची," माझ्याकडे न बघता म्हणाला. "मधोमध वाकते. पोरांची आहे."

"हो का."

"कोणी निवडली?"

"मी."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तूच म्हणालास ना, बघ काय बघायचं ते. मी बघितलं."

तो काठीकडे वळला. चेहऱ्यावर एक रंग आला नि गेला. मला वाटलं, गेली आता काठी दाराआड. तेवढ्यात त्याने ती फिरवून शेंडा डोळ्यांजवळ नेला आणि तसाच उभा राहिला.

शेंडू, तुला एक विचारते. साऱ्या जगात लोक काठीची पाठ शोधतात, म्हणजे काठी कुठल्या बाजूने वाकायला कुरकुर करते ते बघतात, आणि तिथे खूण करतात. कड्या त्या खुणेच्या हिशोबाने लावायच्या म्हणून. ही खूण करतात बुंध्याला. आजोबा बुंध्याला करायचे, तुझा बाप बुंध्याला करतो, दुकानांतून येणाऱ्या काठ्यांवरही ती बुंध्यालाच असते. तू कुठे केलीस? शेंड्याला. लहानपणापासून तू त्या टोकाला बसायचीस, पेन्सिल तुझ्या कानावर, हात पोचायचा तिथे रेघ ओढायचीस. ओरडून ओरडून तुझ्या बापाचा घसा बसला, पण तुझी रेघ काही खाली सरकली नाही. मी तुला म्हटलं होतं कोरी पाठव. तू पाठ शोधून, खूण करून पाठवलीस. आणि ती शेंड्याला. सवयीने केलीस ना? मला माहीत आहे, सवयीनेच.

त्याने अंगठा त्या रेघेवरून फिरवला. मग म्हणाला, "ही खूण तपासायला पाहिजे."

आता गंमत ऐक. आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे. एकाने बुंधा धरून फिरवायचा, दुसऱ्याने शेंडा अंगठ्यावर दाबून धरायचा, काठी जिथे उडी मारेल ती पाठ. हे दोन माणसांचं काम. त्याने आधी एकट्याने करून बघितलं. शेंडा गुडघ्याखाली दाबला, उजव्या हाताने काठीचं पोट धरलं, डाव्याने बुंधा फिरवला. उजवा हात दगा देतो, काठी निसटते, हा शिव्या देतो, परत धरतो. किती तरी वेळ. बाई माझ्या कानात कुजबुजल्या, "आजी, एवढा व्यायाम माझ्याकडून महिन्यात होत नाही." मग त्याने बाईंना बोलावलं. बाईंनी शेंडा केरसुणीसारखा धरला. त्यांना हाकललं. मग मी गेले. माझा अंगठा सुटला, काठी फटकारली, माझा चष्मा स्टुलाखाली.

चष्मा शोधून त्याने मला दिला, काचा सदऱ्याला पुसून. म्हणाला, "खूण बोटभर चुकली आहे."

मला विचारशील तर चुकलेली खूण तुझी की माझा अंगठा, हे काही कोणी सांगू शकणार नाही. पण मी वाद घातला नाही.

"मग आता रे?"

"शेंडा धरणारं माणूस पाहिजे," म्हणाला. कोण ते म्हणाला नाही. काठी आडवी ठेवली, भिंतीला टेकवली नाही. आणि खिडकी उघडली. वारा येतो का बघतो म्हणाला.

मी तुला ये म्हणत नाही. मी कोण बोलावणारी? भांडण तुमचं, मी फक्त चादर घेऊन दारात उभी होते.

आजी


११ एप्रिल

शेंडू,

अक्षर बघून दचकू नकोस. पत्र चालत्या बसमध्ये लिहिलेलं नाही. लिहिणारा नवा आहे.

बाई बहिणीच्या बाळंतपणाला गेल्यात. जाताना तुझ्या बापाला सांगून गेल्या, रोज एक पान उजव्या हाताने लिहायचं. काय लिहायचं ते सांगितलं नाही. पहिल्या दिवशी त्याने घरातल्या भांड्यांची नावं लिहिली. मग माशांची. आज मी म्हटलं, मासे संपले असतील तर माझं एक पत्र राहिलंय.

"कोणाला?"

"माझी पत्रं कोणाकोणाला जातात? मी काय मंत्री आहे?"

त्याने 'शेंडू' एवढं लिहिलं आणि पेन ठेवून बोटं झाडली. बोटं दुखली म्हणून, असं तो म्हणतो. हे लिहिणार नाही असंही म्हणतो. मी म्हटलं, लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही, बाई कधी बोलायच्या नाहीत. तर म्हणतो, "बाई आणि तू मला काय बावळट समजलात? रोज दुपारी स्वयंपाकघरात कुजबुज, वर चहात अर्धा किलो साखर." हेही लिही. साखरेचंसुद्धा.

लिही की तो बरा आहे. तो म्हणतो 'बरा' जरा जास्त होतंय. मग लिही, खातो पितो, भांडतो. काल भिंतीतल्या खोबणीत त्याने ती फायबरची काठी बसवली, शेंड्याला डबा मी लावला आणि कमान त्याने काढली. उजव्या हाताने. रेघ वाकडीतिकडी आली आहे. आजोबांच्या शेवटच्या कमानीशी लावून बघितली, जमली नाही. त्या जाड्या न्हाव्याशी तर नाहीच. जमली कोणाशी ते विचार. दाराजवळ खालच्या अंगाला एक आहे, तिच्याशी. अशी लागून आहे की एकच रेघ दोनदा ओढल्यासारखी वाटते.

लिहिलंस का? अरे, थांबलास का? बरं. माझ्या तोंडाला कोरड पडली आहे, मी चहा ठेवून येते. तोवर पुढचं तुझं तू लिही. पान पुरं करायला सांगितलंय बाईंनी.

*

आई आत गेली आहे.

काठी बरोबर निवडली आहे. मीही हीच निवडली असती. राग आला तो त्याचाच.

खूण बोटभर चुकली आहे. एकटीने केलीस म्हणून. बुंध्याला करायची असते.

बूच आणलं आहे. मूठ कोपरापर्यंत घेणार. कड्या लावलेल्या नाहीत. पाठ नक्की झाल्याशिवाय लावता येत नाहीत.

व्यापाऱ्याकडे निरोप दिला होता. बाक त्याने विकला नाही, अडगळीत आहे. तो नको. टेबलावर होईल.

त्या दिवशी मी बोललो ते खरं नव्हतं.

इथे काम आहे.

*

आले मी. काय लिहिलंस विचारलं, तर म्हणतो, मापं. वाचून दाखव म्हटलं, तर म्हणतो, तुला मापं कळत नाहीत. असतील बाबा मापं. मापं लिहिताना नाक ओढावं लागतं हे मला माहीत नव्हतं. नको म्हणतोय. लिही.

शेंडू, तू येशील त्या दिवशी मी किटली काठोकाठ भरून ठेवणार आहे. ओतायची तू. दोन वर्षांत तुझा हात कसा झालाय तेही बघायला हवं ना कोणीतरी. आणि माझे हात ओले असतील, हे आत्ताच सांगून ठेवते.

आजी

(खालचा डाग या खेपेला माझा नाही. कप त्याने उचलला होता. उजव्या हाताने.)